सात वर्षांचं पोर, नऊ तासांचं काम

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या धंतोलीतल्या फाटकावर पेपर आपटल्याचा आवाज होतो. इतर दिवशी तो एका ताकदीचा असतो, रविवारी जरा हलका. पुरवण्यांमुळे पेपर जड झालेला असतो, आवाज मात्र हलका, हे मला बरेच महिने खटकत होतं. एका रविवारी मी मुद्दाम लवकर उठून ओट्यावर बसलो. सायकल आली. सीटवर न बसता दांड्यावरून पाय मारत एक पोट्टा आला, पेपर फेकला आणि मला पाहून थबकला. नाव विचारलं, त्यानं सांगितलं. वय विचारलं, तर प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं, पंधरा. शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ केलेलं. माझी उभी नोकरी बँकेत गेली. खातेदारानं न विचारता इतक्या तत्परतेनं वय सांगितलं, की आम्ही जन्माचा दाखला मागत असू. इथे मागितला नाही. पोट्टा निघून गेला आणि मी पुरवणी उघडून बसलो.

पुरवणी वाचता वाचता मनात आलं, की आपण ज्या निवांतपणे हा रविवार घालवतो तोसुद्धा कुणीतरी भांडून मिळवलेला आहे. ते नाव आता बहुतेकांना ठाऊक असतं. दर १० जूनला मोबाइलवर त्यांचा फोटो फिरतो: डोक्याला पागोटं, भरघोस मिशा, खाली रविवारच्या सुट्टीचे जनक वगैरे. २००५ साली पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं. नारायण मेघाजी लोखंडे. त्यांच्या आयुष्याचा सगळा ऐवज आपण एका सुट्टीत गुंडाळून ठेवला आहे. त्या काळी गिरणीत काम करणाऱ्या पोरांचे तास किती असावेत, वय किती असावं, हा झगडा त्याच वर्षांत, त्याच गिरण्यांत चालला होता आणि लोखंडे त्याच्या मधोमध उभे होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणं मूळ पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण ठाण्यात झालं, नोकरीपुरतं इंग्रजी पदरात पडलं. आधी रेल्वेत, मग पोस्टात आणि शेवटी मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर, असा त्यांचा प्रवास झाला. स्टोअरकीपर ही जागा कशी असते हे मला थोडं कळतं. तो मालकाचा माणूस असतो, पण बसतो कामगारांच्या वाटेवर. कापसाची गाठ किती आली, तेलाचा डबा किती उरला, पट्टा कुणी तोडला, सगळं त्याच्या वहीत. वहीत नसलेल्या गोष्टीही त्याला खिडकीतून दिसतात. पहाटे अंधारात कोण आलं आणि दिवेलागणीला कोण बाहेर पडलं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

त्या वेळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. घड्याळ सूर्याचं. उजाडलं की यंत्र सुरू, मावळलं की बंद. म्हणजे हिवाळ्यात थोडी दया आणि उन्हाळ्यात तेरा तास. जेवायला मधली सुट्टी नीट ठरलेली नाही, आठवड्याची सुट्टी नाही. सणावाराला गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला कामगारांना बोलावून घेत. या सगळ्यात पोरं होती. सूतकताईच्या साच्यांवर भरलेल्या बॉबिना काढून रिकाम्या लावायच्या, तुटलेला धागा सांधायचा, साच्याखालचा कापूस झाडायचा. बोटं लहान, अंग वाकणारं आणि पगार मोठ्या माणसाच्या तुलनेत अगदीच किरकोळ. त्यामुळे मालकाला पोर हवं असे. घरी चार तोंडं असलेल्या बापालाही ते तिथे हवं असे. हे दुसरं आपण सोयीनं विसरतो.

गिरण्यांच्या कारभाराची पहिली सरकारी चौकशी मुंबईत १८७५ साली झाली. चौकशी समितीत गिरणीवाल्यांचा भरणा होता, त्यामुळे बहुतेकांचं मत कायदा नको असंच पडलं. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांना ते पटलं नाही. त्यांनी स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला आणि त्याचा पिच्छा पुरवला. अखेर लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना तो लागू. सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा या वयाच्या पोरांना दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, मधे तासभर विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या. धोक्याच्या यंत्रांना कुंपण.

हा कायदा पुन्हा एकदा वाचावा असा आहे. सात वर्षांचं पोर म्हणजे आपल्या घरातलं पहिली-दुसरीतलं. त्यानं नऊ तास काम करावं, हा त्या काळचा दयाळूपणा! आणि बारावं वर्ष पुरं झालं की ते पोर कायद्याच्या लेखी पुरुष. त्याचे तास कुणी मोजायचे नाहीत. मोठ्यांसाठी या कायद्यात एकही सुट्टी नव्हती. म्हणजे सुट्टी हा शब्द आपल्या कामगार कायद्यात आला तो आधी पोरांसाठी. पण आई-बाप-भाऊ गिरणीत आणि पोर एकटं घरी, अशी सुट्टी कोण कशी घेणार?

इथे एक गंमत आहे. गंमत म्हणायला जीभ अडखळते, पण आहे. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला. पुण्यात जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन ठेवलं आणि त्यात बहुजनांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी, अशी मागणी केली. सरकारच्या एका कागदावर बारा वर्षांपर्यंतचं पोर नऊ तास गिरणीत, आणि दुसऱ्या कागदावर कुणीतरी त्याच बारा वर्षांच्या आतल्या पोराला शाळेत बसवा म्हणतो आहे. आकडा एकच. विलायतेत १८४४ च्या कायद्यानं गिरणीतल्या पोरांना अर्धा दिवस काम आणि रोज तीन तास शाळा असं ठरवून दिलं होतं. तो कायदा इकडे आणताना कामाचे तास बोटीत चढले, शाळा तिकडच्या धक्क्यावरच राहिली.

लोखंडे फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक समाजातले आघाडीचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ च्या १ जानेवारीला ‘दीनबंधू’ हे पत्र सुरू केलं होतं. (आम्हा नागपूरकरांना ही तारीख दुसऱ्या कारणानं पाठ असते. जुम्मा तलावाकाठी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती नेमकी त्याच दिवशी, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याच्या मुहूर्तावर. आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तिथे जो संप झाला, तो देशातला नोंदलेला पहिला कामगार संप म्हणून पुस्तकांत सापडतो.) ‘दीनबंधू’ पैशाअभावी बंद पडलं, तेव्हा लोखंड्यांनी ते १८८० साली मुंबईला आणलं आणि संपादक म्हणून चालवलं. नोकरी सोडून पत्र चालवणं म्हणजे काय, हे ज्यानं महिनाअखेर पाहिली आहे त्याला सांगायला नको. ब्राह्मणेतर समाजाचं आणि गिरणी कामगाराचं गाऱ्हाणं छापणारं दुसरं ठिकाण नव्हतं. शहाण्यासुरत्या पत्रांना ते विषय हलके वाटत.

१८८१ चा कायदा कुचकामी आहे हे लवकरच दिसू लागलं. वयाचा पुरावा कुणाकडे होता? गरिबाच्या घरी जन्माची नोंद नाही. आई सांगणार, मोठ्या पुराच्या साली झाला. मग पोराची उंची बघायची, दात बघायचे आणि अंदाजानं आकडा टाकायचा. पोर आठ वर्षांचं की तेराचं, हे ठरवणारा माणूस गिरणीत वर्षातून किती वेळा फिरकणार? आणि तो येतो आहे हे फाटकावर आधी कळणार नाही थोडंच? बँकेत तपासणी यायची तेव्हा आमच्याकडेही आदल्या दिवशीच सगळ्या वह्या पूर्ण व्हायच्या, त्यामुळे मी यावर फार बोलू नये.

१८८४ साली सरकारनं मुंबईत पुन्हा एक आयोग नेमला. लोखंड्यांनी संधी ओळखली. सप्टेंबरच्या २३ तारखेला परळला आणि तीन दिवसांनी पुन्हा त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. सह्या म्हणजे बहुतेक अंगठेच असणार. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास जेवायला द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करा आणि सूर्यास्ताला थांबवा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. कामावर जखमी झालेल्याला भरपाई द्या. या सभांतून बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी राहिली. हिलाच पुढे देशातली पहिली कामगार संघटना म्हणू लागले. आमच्या अधिकारी संघटनेच्या हिशेबानं पाहिलं तर तिला संघटना म्हणणं कठीण. सभासदांचं रजिस्टर नाही, वर्गणी नाही, घटना नाही. एक माणूस, एक साप्ताहिक पत्र आणि मागे हजारो लोक, इतकंच. आमच्याकडे रजिस्टर होतं, वर्गणी पगारातून कापून जायची. सभेला कोरमसाठी मात्र चहा पाजून माणसं गोळा करावी लागत. असो.

त्या पाच मागण्यांत पोरांचं नाव नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. माझ्या मते ते विसरल्यामुळे झालं नाही. सही करणारा कामगार स्वतःच त्या पोराचा बाप होता. पोराचे तास कमी करा म्हणायचं म्हणजे घरातली मजुरी कमी करा म्हणण्यासारखं. म्हणून सगळ्यांना मिळून मागता येईल ते मागितलं: सुट्टी, जेवणाची वेळ, वेळेवर पगार. बापाला रविवार मिळाला तर पोराला आपोआप मिळणार होता. पुढाऱ्याला आपल्या लोकांच्या किती पुढे चालायचं याचा अंदाज असावा लागतो. दहा पावलं पुढे गेला तर मागे कुणी उरत नाही.

त्याच आयोगापुढे खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगची हकिकत आली आणि ती वाचून विलायतेतही लोक हादरले. पहाटे चार-पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत काम, हंगामाचा जोर असला की सरकीचे ढीग संपेपर्यंत बायका-माणसं यंत्रापाशीच. कायदा तिथे पोचतच नव्हता, कारण वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना त्यातून वगळला होता. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. हिंगणघाट काय, यवतमाळ काय, जिनिंगचा धंदाच मुळी हंगामी. दिवाळीनंतर कापूस यायचा, होळीपर्यंत उडायचा. कायद्यात एक ओळ अशी असते, की तिच्यातून अख्खा जिल्हा बाहेर पडतो.

या लढ्याला आणखी एक पीळ होता. फॅक्टरी कायदा व्हावा म्हणून विलायतेत सगळ्यात जोरात ओरडत होते ते मँचेस्टरचे गिरणीवाले. हिंदुस्थानी गिरण्या स्वस्तात कापड काढतात, त्यांना तासांचं बंधन घाला, म्हणजे आमचा माल खपेल, हा त्यांचा सरळ हिशेब. त्यामुळे इथली बरीचशी देशी वर्तमानपत्रं कायद्याच्या विरोधात होती. नव्यानं उभा राहणारा स्वदेशी धंदा मारायचा हा डाव आहे, असं ती म्हणत, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. अशा वेळी कायदा हवा म्हणणाऱ्या माणसाला देशद्रोही ठरवणं सोपं असतं. लोखंडे ठाम राहिले. मँचेस्टरच्या मनात काहीही असो, साच्याखाली वाकलेल्या पोराला हक्काची सुट्टी मिळत असेल तर ती घ्यावी, या बाजूला ते उभे राहिले. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात हे सर्वात अवघड वाटतं. सुट्टीसाठी मालकाशी भांडणं त्या मानानं सोपं. आपल्याच शिकलेल्या लोकांनी पाठ फिरवली असताना उभं राहायला वेगळी हाडं लागतात.

१८८९ साली पुन्हा निवेदन गेलं. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. १८९० साली! १० जूनला गिरणीमालकांच्या संघानं आठवड्याची सुट्टी मान्य केली. वार रविवार ठरला. साहेबाचा प्रार्थनेचा दिवस तो होताच, आणि आपल्याकडे खंडोबाचा वारही तोच, त्यामुळे घाटावरून आलेल्या कामगाराला तो परका वाटायचं कारण नव्हतं.

त्याच वर्षी सरकारनं नवा फॅक्टरी आयोग नेमला आणि मुंबईपुरते त्याचे सहकारी सभासद म्हणून लोखंड्यांना घेतलं. सहा वर्षांपूर्वी अंगठ्यांचा कागद घेऊन बाहेर उभा असलेला माणूस आता टेबलाच्या आतल्या बाजूला बसला. पुढच्या वर्षी, १८९१ साली, सुधारलेला कायदा आला. पन्नास माणसांच्या कारखान्यालाही लागू. पोराचं किमान वय नऊ. नऊ ते चौदाच्या पोरांना सातच तास, आणि रात्रीचं काम बंद. बायकांना अकरा तास. आठवड्याची सुट्टी सर्वांना. तुमच्या-आमच्या डोळ्यांना हेही क्रूरच दिसतं. पण सातऐवजी नऊ आणि बाराऐवजी चौदा, म्हणजे प्रत्येक पोराच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन वर्षं वाढवून मिळाली. व्याजाचा दर पाव टक्क्यानं हलवायला काय यातायात लागते, हे मी जवळून पाहिलं आहे. वर्षं हलवणं ही मोठी गोष्ट. शाळेचं मात्र या कायद्यातही काही नव्हतं. सात तासांनी सुटलेलं पोर कुठे जाणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर काही ठिकाणी पुढे दिसलं: एका गिरणीतून सुटून ते दुसऱ्या नावानं दुसऱ्या गिरणीत जाऊ लागलं. आई-बाप पाठवत, मुकादम डोळेझाक करी. ते थांबवायला १९२६ साली खास दुरुस्ती करावी लागली.

लोखंड्यांचं बाकीचं काम मी धावत सांगतो, कारण त्यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हावा. १८९० सालीच मुंबईच्या न्हाव्यांची सभा भरवून विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार त्यांनी त्यांच्याकडून करवून घेतला. बंद पाडायची रूढी ज्याच्या हातातल्या वस्तऱ्यावर चालते त्यालाच जाऊन भेटायचं, ही त्यांची रीत. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा पेटला, तेव्हा त्यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या लोकांना एकत्र आणलं. सरकारनं १८९५ मध्ये रावबहादूर केलं, जस्टिस ऑफ द पीस नेमलं.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण सापडला आणि बघता बघता शहर रिकामं होऊ लागलं. ज्याला गाव होतं तो गावी पळाला. लोखंडे राहिले. प्लेगच्या रोग्यांसाठी मराठा हॉस्पिटल उभं करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि तिथेच वावरताना त्यांना लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. साधारण महिन्यानं, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई त्याच रोगानं गेल्या. जोतीराव आधीच, १८९० च्या नोव्हेंबरात गेले होते.

माणूस गेला, वयाचं भांडण चालूच राहिलं. १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पोरांचे तास सहा झाले आणि वयाचा दाखला सक्तीचा झाला. त्याच वर्षी गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि १९१२ साली ते फेटाळलं गेलं. पुन्हा तेच, तास बोटीत आणि शाळा धक्क्यावर. १९२२ मध्ये किमान वय बारा, १९४८ मध्ये चौदा. राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमानं चौदाच्या आतल्या मुलाला कारखाना, खाण आणि धोक्याच्या कामातून बाहेर काढलं. पण दुकान, हॉटेल, शेत, घर? १९८६ च्या बालमजुरी कायद्यानं काही कामं बंद केली आणि उरलेल्यांना नियम लावले: सहा तास, तीन तासांनंतर विश्रांती, संध्याकाळी सातनंतर नाही, सकाळी आठच्या आत नाही, एकाच दिवशी दोन ठिकाणी नाही. दोन गिरण्यांत दोन नावांनी जाणारं ते पोर शंभर वर्षांनीही कायद्याच्या मसुद्यात डोकावत होतं.

हे नियम दुकानाला होते, हॉटेलला होते. घराला नव्हते. इथे मला स्वतःबद्दल लिहिणं भाग आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमची मुलगी तान्ही होती, बायको शाळेत शिक्षिका. गावाकडच्या ओळखीनं एक मुलगी बाळाला सांभाळायला आणली. अकरा-बारा वर्षांची असेल. दाखला मी मागितला नाही. बँकेत दिवसभर दाखले मागणारा माणूस घरी येऊन ते विसरला. ती आमच्यात जेवायची, दिवाळीला नवा फ्रॉक मिळायचा, आम्ही तिला घरच्यासारखं वागवतो असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. तिच्या कामाचे तास? बाळ उठल्यापासून बाळ झोपेपर्यंत. १८८१ च्या कायद्यात तिला तासभर विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या होत्या. आमच्या घरात ठरलेलं असं काहीच नव्हतं. दोन वर्षांनी ती गावी गेली. घरकामाला चौदाच्या आतलं मूल ठेवायचं नाही, हा नियम १० ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. ती बातमी मी पेपरात दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवली. बायकोही काही बोलली नाही.

२०१० पासून सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला आणि २०१६ च्या दुरुस्तीनं चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणंच बंद झालं. फुल्यांनी मागितलेली शाळा आणि कायद्यातलं कामाचं वय हे दोन आकडे एकमेकांना भेटायला १३४ वर्षं लागली. दोन खिडक्या मात्र उघड्या राहिल्या. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात हात लावायला मुभा आहे, आणि सिनेमा-मालिकेत काम करायला. पहिल्या खिडकीबद्दल माझ्या मनात शंका आहे. घरच्या धंद्यात खरोखर घरचंच मूल आहे की भाचा म्हणून आणलेलं, हे दारावर उभं राहून कोण ठरवणार? दात बघून?

दुसऱ्या खिडकीशी माझी गाठ निवृत्तीच्या आदल्या वर्षी पडली. एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन शाखेत आल्या. मुलाला जाहिरातीत काम मिळालं होतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे अशा मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्याच नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. शाखेत कुणालाच नियम ठाऊक नव्हता, मलाही नाही. परिपत्रकं धुंडाळली, फॉर्म काढला. मूल खुर्चीवर पाय हलवत बसलं होतं. ठेवीची पावती मी त्याच्याच हातात दिली. त्यानं ती आईला दिली. पस्तीस वर्षांत हजारो पावत्या सह्या करून दिल्या असतील, पण ही लक्षात राहिली. लोखंड्यांच्या गिरणीतल्या पोराचा पगार बाप घ्यायचा किंवा मुकादम. पोराच्या नावानं एक आणा कुणी वेगळा ठेवला असेल असं वाटत नाही.

आता त्या पेपरवाल्या पोट्ट्याचं सांगतो. चौदा पूर्ण झाली असतील तर पेपर टाकणं हे काही धोक्याचं काम नव्हे, आणि मीही नववीत असताना सुट्टीत याच गल्ल्यांतून पेपर टाकले आहेत. तेव्हा पलीकडून, लोहा पुलाच्या बाजूनं, मिलचा भोंगा ऐकू यायचा. आता त्या जागी मॉल आहे. महिन्याचं बिल घ्यायला विक्रेता आला तेव्हा मी विषय काढला. तो आधी हसला. मग म्हणाला की काका, ही लाइन त्याच्या मोठ्या भावाची आहे. भाऊ कॉलेजात आहे, सहा दिवस तोच टाकतो. रविवारी त्याला झोपायचं असतं, म्हणून धाकट्याला पाठवतो. वहीत नाव थोरल्याचंच आहे. धाकट्याचं वय मी विचारलं. विक्रेत्यानं बिलाच्या पुस्तकातलं पान फाडलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, सातवीत असेल.

मी त्याला सांगितलं की माझा रविवारचा पेपर चौकातल्या स्टॉलवर ठेवत जा, मी चालत येऊन घेईन. त्याला हरकत नव्हती. फक्त त्यानं विचारलं, या गल्लीत रविवारची आणखी बेचाळीस घरं आहेत, त्यांचं काय करू?